दाताच्या एक्स-रेच्या कोपऱ्यातले दोन दाणे

काका आले होते दाढ काढायला. डिचोलीकडचे, साठी ओलांडलेले, उमेदीची सगळी वर्षं खाणीवर मशीन चालवलेले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) खालची अक्कलदाढ आडवी बसली होती, म्हणून त्यांना ओपीजी काढून आणायला सांगितला. आठवड्याने ते परत आले, काकींना सोबत घेऊन, आणि दाढेचं नावही न काढता त्यांनी रिपोर्टाचा कागद माझ्यापुढे ठेवला. शेवटच्या ओळीखाली मुलाने पेनाने रेघ मारली होती. त्या ओळीचा मराठीत अर्थ असा: मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या पातळीवर पांढरे ठिपके दिसतात, रक्तवाहिनीत कॅल्शियम साचलेलं असण्याची शक्यता आहे, डॉपलर करून घ्यावा. मुलाने ती ओळ मोबाइलवर शोधली, त्यात ‘पक्षाघात’ हा शब्द सापडला, आणि तेव्हापासून घरात कुणाच्या डोळ्याला डोळा नव्हता.

“डॉक्टर, दुखते ती दाढ,” काका म्हणाले. “आणि हे मानेचं काय काढलंत?”

हा प्रश्न आता मला अधूनमधून ऐकू येतो. म्हणून त्याचं उत्तर एकदा नीट, सावकाश लिहून ठेवते.

ओपीजी म्हणजे काय

दाताचा साधा एक्स-रे म्हणजे तोंडात बोटभर फिल्म किंवा सेन्सर धरून काढलेला दोन-तीन दातांचा फोटो. ओपीजी, म्हणजे ऑर्थोपॅन्टोमोग्राम, हा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचा अख्खा जबडा एका पट्टीवर दाखवतो. तुम्ही ताठ उभं राहायचं, हनुवटी टेकवायची, पुढच्या दातांत प्लास्टिकची काडी धरायची आणि हलायचं नाही. मशीन डोक्याभोवती फिरतं. पंधरा-वीस सेकंदांत काम आटोपतं.

मिरामारच्या किनाऱ्यावर मोबाइलने लांबलचक पॅनोरमा फोटो काढताना आपण फोन हळूहळू वळवतो. इथे तसंच, फक्त वळायचं काम मशीन करतं. यातली खरी करामत अशी की घोड्याच्या नालासारखा एक वक्र पट्टा तेवढा स्पष्ट उमटतो. त्याच्या पुढचं-मागचं सगळं धूसर होतं. जबडाही नालाच्याच आकाराचा, म्हणून दात नीट दिसतात. फिनलंडच्या यर्यो पाटेरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर ही पद्धत घडवली. त्याआधीचा काळ आठवला की आजच्या पंधरा सेकंदांची किंमत कळते. रोंटगेन यांना १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि काही आठवड्यांतच, १८९६ च्या जानेवारीत, जर्मनीच्या ऑटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा फोटो काढून घेतला. त्यासाठी त्यांना २५ मिनिटं निश्चल बसावं लागलं होतं.

ओपीजी दातांसाठी असला तरी त्याच्या चौकटीत दातांशिवाय बरंच काही येतं. वर नाकाच्या बाजूच्या पोकळ्या, कडेला जबड्याचे सांधे, आणि खालच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यांत मानेचा थोडा भाग. लग्नातला ग्रुप फोटो आपण नवरा-नवरीसाठी काढतो, पण कोपऱ्यात मांडवाचा खांब कलला असेल तर तोही फोटोत येतोच. कुणी तिकडे बघत नाही, एवढंच.

त्या कोपऱ्यात कोणती रक्तवाहिनी असते

गळ्याच्या घाटीच्या बाजूला दोन बोटं हलकेच ठेवा. (एका वेळी एकाच बाजूला, आणि दाबायचं नाही.) ठोका लागतो. ही कॅरोटिड धमनी, मी तिला मानेची धमनी म्हणेन. डावीकडे एक, उजवीकडे एक. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा साधारण सातवा हिस्सा तो एकटा घेतो. त्यातलं बरंचसं रक्त याच दोन वाटांनी वर चढतं.

जबड्याच्या कोनाच्या थोडं खाली, मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या आसपास, ही धमनी दुभंगते. एक फाटा मेंदूकडे आणि डोळ्याकडे जातो, दुसरा चेहऱ्याकडे. आजार पहिल्यांदा धरतो तो या फाट्यावरच. दिवाडी बेटाच्या टोकाला मांडवी दुभंगते ते फेरीबोटीतून पाहिलेल्यांना हे चटकन पटेल. सरळ पात्रात पाणी एका लयीत वाहतं. फाटा आला की काठालगत ते रेंगाळतं, उलटं फिरतं, आणि नेमका तिथेच गाळ धरतो. रक्ताचंही तसंच. फाट्यावर जिथे प्रवाह मंदावतो आणि घुटमळतो, तिथलं धमनीचं अस्तर आधी दुखावतं.

निसर्गाने हा फाटा अशा जागी ठेवलाय की ओपीजीच्या चौकटीत तो जेमतेम मावतो. इंचभर खाली असता तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

नळीतला गाळ की भिंतीतली ओल?

इथे मला माझीच उपमा थोडी सुधारून घ्यायला हवी. धमनीच्या आजाराबद्दल बोलताना आपण नेहमी ‘नळी चोंदते’ असं म्हणतो. स्वयंपाकघरातल्या पाइपात तेलकट मळ बसतो, तसं चित्र डोळ्यांपुढे येतं. ते चित्र अर्धवट आहे. मळ नळीच्या आत बसत नाही, तो नळीच्या भिंतीत शिरतो.

गोव्यातल्या चिऱ्याच्या घरात राहिलेल्यांना हे वेगळं समजावायला नको. पाऊस चार महिने झोडपतो, ओल भिंतीत मुरते, आणि एक दिवस गिलाव्यावर फुगा आलेला दिसतो. ओल गिलाव्याच्या मागे असते, वरून रंग शाबूत. बोटाने दाबलं तर भुसभुशीत लागतं. धमनीत असंच घडतं. रक्तातली वाईट चरबी, म्हणजे एलडीएल कोलेस्टेरॉल, दुखावलेल्या अस्तरातून भिंतीत शिरते. तिला गिळायला पांढऱ्या पेशी येतात, गिळून तिथेच मरतात, सूज धरते, आणि भिंतीत एक पिठूळ फुगवटा तयार होतो. डॉक्टर त्याला ‘प्लाक’ म्हणतात. (दातांवरच्या किटणालाही आम्ही ‘प्लाक’च म्हणतो. नाव एक, वस्तू वेगळ्या. त्यावरून होणाऱ्या घोळाकडे पुढे येतेच.)

हा फुगवटा जुना होतो तसं शरीर तिथे डागडुजी करायला बघतं आणि त्यात कॅल्शियम साचू लागतं, हाडात असतं तसंच. एक्स-रेला मऊ चरबी दिसत नाही, कॅल्शियम दिसतं. काकांच्या फोटोत दिसलं ते हेच. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि बोट ठेवून दाखवलं: जबड्याचा कोन, त्याच्या खाली-मागे मणक्यांची उतरंड, आणि तिच्यापुढे उभे, एकाखाली एक, उकड्या तांदळाचे दोन दाणे ठेवावेत तसे पांढरे ठिपके. काकी बराच वेळ बघत राहिल्या. “एवढेसेच?” असं म्हणाल्या.

आर्थर फ्रीडलँडर या अमेरिकन दंतवैद्यांनी १९८१ मध्ये पहिल्यांदा मांडलं की दातांसाठी काढलेल्या या फोटोत मानेच्या धमनीतले साठे दिसू शकतात. म्हणजे या माहितीला चाळीस वर्षं उलटून गेली. तरी ती दवाखान्यापर्यंत पोचायला फार वेळ लागला, आणि त्यात आम्हा दंतवैद्यांचा वाटा आहे. मी शिकले तेव्हा ओपीजी वाचायला शिकले ती दातांच्या रांगेपासून, आणि पुढे कित्येक वर्षं दातांच्या रांगेपाशीच थांबले. त्या वर्षांत माझ्या हातून किती कोपरे न बघता पाकिटात गेले असतील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

ठिपका दिसला म्हणजे पक्षाघात होणारच का?

नाही. आणि हे ‘नाही’ मी ठामपणे म्हणते, कारण घरात सगळ्यात जास्त भीती याचीच असते.

आधी हे बघू की पक्षाघात होतो कसा. आपल्याकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. मेंदूच्या एखाद्या भागाचं रक्त तुटलं की तो भाग ज्या अवयवांना चालवतो ते अवयव लुळे पडतात. मानेच्या धमनीमुळे हे होतं तेव्हा बहुतेक वेळा धमनी पुरती बंद झालेली नसते. गिलाव्याचा फुगा फुटतो, तिथे रक्ताची गुठळी धरते, तिचा तुकडा सुटतो आणि वाहत जाऊन वरच्या बारीक नळीत अडकतो. धोका त्यामुळे फुगवटा किती मोठा यावर असतो तसाच तो किती कच्चा यावरही असतो. साचलेलं कॅल्शियम हा पुष्कळदा जुन्या, घट्ट झालेल्या भागाचा पुरावा. जो भाग मऊ आहे, फुटू शकतो, तो एक्स-रेवर दिसतच नाही.

यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या एकमेकींच्या उलट्या वाटतील. ठिपका दिसला म्हणून धमनी धोकादायक इतकी अरुंद झालीच आहे असं नाही. ज्यांना ठिपका दिसतो त्यांच्यातल्या बहुतेकांची धमनी निम्म्याहूनही कमीच अरुंद झालेली असते. आणि ठिपका दिसला नाही म्हणून धमनी निरोगी आहे असंही नाही. ओपीजी कोरा असला तर निश्चिंत व्हायचं कारण नाही, आणि ठिपका असला तर हातपाय गाळायचं कारण नाही.

शिवाय सगळे पक्षाघात मानेतून येत नाहीत. काही हृदयात धरलेल्या गुठळीमुळे होतात, काही मेंदूतल्याच बारीक वाहिन्या खराब झाल्यामुळे, काही रक्तस्रावामुळे.

मग त्या दाण्यांचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे. धमन्यांचा आजार एका जागी राहत नाही. मानेच्या धमनीत तो दिसला तर हृदयाच्या आणि पायांच्या धमन्यांतही तो कमीअधिक असण्याची शक्यता वाढते. स्वयंपाकघराच्या भिंतीला फुगा आला की शहाणा माणूस तेवढ्यावर रंग मारत नाही, छपरावर चढून कौलं बघतो.

तो ठिपका दुसऱ्याच कशाचा असू शकतो का?

असू शकतो, आणि म्हणूनच रिपोर्टात ‘शक्यता’ असं लिहितात. मानेच्या त्याच भागात पांढरं दिसण्यासारख्या बऱ्याच गोष्टी असतात. जिभेच्या मुळाशी असलेलं हायॉइड हाड. कानाखालून खाली येणारा, काहींच्या बाबतीत हाडासारखा झालेला स्नायुबंध. लाळग्रंथीतला खडा. टॉन्सिलमधला खडा. आपल्याकडे एक कारण विशेष लक्षात ठेवावं लागतं: लहानपणी क्षयाने मानेत गाठी आल्या असतील तर त्या बऱ्या होताना त्यांत कॅल्शियम साचतं. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा खडबडीत ठिपका दिसला तर आधी त्या गाठींचा विचार करायचा.

सगळ्यात फसवी असते घशातली ट्रिटिशियस नावाची इवलीशी कूर्चा. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थच ‘गव्हाच्या दाण्यासारखी’. ती जवळपास धमनीच्या फाट्यापाशीच असते, वयाबरोबर कडक होते, आणि पूर्णपणे निरुपद्रवी असते. गव्हाचा दाणा आणि तांदळाचा दाणा यांत फरक करण्याइतकं हे काम नाजूक आहे. दंतवैद्याने फोटोवरून निदान करू नये, शंका लिहावी आणि पुढे पाठवावं, असं मी म्हणते ते यासाठीच.

पुढे म्हणजे डॉपलर. ही मानेची सोनोग्राफीच. मानेवर थंड जेली लावतात, हातातलं यंत्र फिरवतात, अर्ध्या तासाच्या आत होते. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. भिंतीतला फुगवटा त्यात दिसतो, मऊ भागही दिसतो, आणि रक्त किती वेगाने जातंय त्यावरून वाट किती अरुंद झालीय ते कळतं. पाइपाचं तोंड बोटाने दाबलं की पाण्याची धार जोरात सुटते, तसंच अरुंद जागी रक्ताचा वेग वाढतो. मोजतात तो हाच वेग.

मग सगळ्यांनीच ओपीजी काढून घ्यावा का?

हा प्रश्न काकांच्या मुलाने फोनवर विचारला. आईचाही काढू का, स्वतःचाही काढू का?

उत्तर: मान बघायला म्हणून मुद्दाम ओपीजी काढू नका. तो त्यासाठी बनलेला नाही, मऊ भाग त्याला दिसत नाही, आणि कितीही कमी असले तरी क्ष-किरण कारणाशिवाय घेऊ नयेत. कमी म्हणजे किती? एका ओपीजीचा डोस साधारण १० ते २५ मायक्रोसीव्हर्ट. जमीन, हवा, आकाश यांतून जगात कुठेही राहणाऱ्या माणसाला वर्षाकाठी सरासरी २,४०० मायक्रोसीव्हर्ट मिळतातच. म्हणजे एक ओपीजी हा दोन ते चार दिवसांच्या नैसर्गिक किरणांइतका. दाताच्या कामासाठी लागत असेल तर बिनधास्त काढावा, नसेल तर नको.

सरसकट सगळ्यांचा डॉपलरही नको. अमेरिकेत आजार होण्याआधीच्या तपासण्यांवर सल्ला देणारा तज्ज्ञांचा एक सरकारमान्य गट आहे. त्याने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये हेच सांगितलं: काही लक्षण नसलेल्या सर्वसामान्य प्रौढांची मानेची धमनी सरसकट तपासत बसू नये. कारण साधं आहे. अशा तपासण्यांत खऱ्या रुग्णांपेक्षा खोट्या शंका जास्त सापडतात. शंकेपायी पुढच्या तपासण्या होतात, काहींवर शस्त्रक्रिया होतात, आणि त्या शस्त्रक्रियेतच पक्षाघाताचा थोडा धोका असतो. निरोगी माणसाला तो धोका कशाला?

हा आक्षेप मला मान्य आहे, पूर्णपणे. पण मुद्दाम शोधायला निघणं वेगळं आणि हातात आलेलं न बघणं वेगळं. फोटो काढून झालाय, पैसे दिलेत, किरण घेतलेत, कोपरा समोर आहे. तो न वाचता पाकिटात घालणं मला पटत नाही. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत प्रौढांच्या शंभर ओपीजींमागे साधारण तीन ते पाच जणांत असे ठिपके सापडतात. पन्नाशीनंतर, मधुमेह असलेल्यांत, डायलिसिसवर असलेल्यांत, झोपेत श्वास अडखळणाऱ्यांत आणि कर्करोगासाठी मानेला रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण वाढतं.

गोव्यात हे जास्त मनावर का घ्यावं

मधुमेहाचं नाव आलं म्हणून सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के. सगळ्या राज्यांत पहिला क्रमांक गोव्याचा, २६.४ टक्के. चार माणसांमागे एक. त्याच पाहणीत देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला.

माझ्या खुर्चीवर बसणाऱ्याला मी विचारते, “शुगर आहे? प्रेशर आहे?” बरेच जण म्हणतात, “नाही.” पुढचा प्रश्न विचारते, “शेवटचं कधी तपासलं?” त्यावर शांतता. ताप आल्याशिवाय डॉक्टरकडे न जाणारा माणूस दाढ ठणकली की मात्र मध्यरात्रीही फोन करतो. रक्तदाब दुखत नाही, साखर दुखत नाही, धमनीतला फुगवटा दुखत नाही. दात दुखतो. त्यामुळे वर्षानुवर्षं कुठलीच तपासणी न केलेला माणूस पहिल्यांदा कुठल्या वैद्यासमोर बसतो तर तो दंतवैद्य असतो. आमची जबाबदारी मला इथे दिसते.

गोव्याकडे त्यासाठी लागणारी माणसं आहेत. १९८० मध्ये सुरू झालेलं सरकारी दंत महाविद्यालय बांबोळीला आहे आणि गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, त्याच परिसरात. १८४२ मध्ये पोर्तुगीज राजवटीत सुरू झालेल्या वैद्यकशाळेचा वारसा सांगणारी ती संस्था. दंतवैद्याने लिहिलेली चिठ्ठी फिजिशियनपर्यंत पोचायला फार तर रस्ता ओलांडावा लागेल. पण चिठ्ठी लिहिली तर.

आता संगणकाला हजारो ओपीजी दाखवून हे ठिपके ओळखायला शिकवण्याचं संशोधन अनेक देशांत चाललंय. त्याचा फायदा होईल असं मला वाटतं, कारण दिवसाच्या विसाव्या फोटोला माझे डोळे थकतात, संगणकाचे थकत नाहीत. पण गहू आणि तांदळाचा घोळ तोही घालतो, आणि रुग्णाशी बोलायला त्याला येत नाही.

हिरड्या साफ केल्या तर धमनीही साफ होते का?

मघाशी म्हटलेला ‘प्लाक’चा घोळ तो हा. दातांवरचं किटण काढलं म्हणजे रक्तवाहिनीतलं किटण निघालं, असे संदेश फिरत असतात. असं होत नाही. हिरड्यांचा जुनाट आजार आणि हृदयविकार ही जोडी एकत्र दिसते हे खरं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळे पुरावे तपासून तेवढंच मान्य केलं: नातं आहे, पण हिरड्यांमुळेच हृदयविकार होतो किंवा हिरड्यांवरच्या उपचाराने तो टळतो, हे सिद्ध झालेलं नाही. तंबाखू आणि मधुमेह दोघांनाही बिघडवतात. हिरड्या हिरड्यांसाठीच सांभाळा, तेवढं कारण पुरेसं आहे.

काकींचा प्रश्न वेगळा होता. “कॅल्शियम साचलं म्हणता, तर दूध बंद करू? तारल्यांचे काटे हे चावून खातात, ते बंद करू?” मला तो प्रश्न फार आवडला, कारण तो अगदी रास्त आहे. पण ते कॅल्शियम ताटातून जास्त झालं म्हणून तिथे साचलेलं नसतं. भिंत आजारी पडली म्हणून तिथे साचतं. दूध चालू द्या, तारले चालू द्या. डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्याही न विचारता बंद करू नका. आणि ‘धमनीतलं कॅल्शियम विरघळवतो’ म्हणून कुणी काढा विकत असेल तर पैसे वाचवा. गंमत अशी की कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम थोडं वाढतंसुद्धा, आणि तरी धोका कमी होतो, कारण मऊ, कच्चा भाग घट्ट होतो.

कमी करायचं ते मीठ. इथे मी काकींना दुखावलं, कारण विषय पुरुमेंतावर गेला. पावसाळ्यासाठी खारवून, सुकवून ठेवलेली मासळी, पारा (सुक्या मासळीचं लोणचं), लोणच्याच्या बरण्या. रोज ताटात ते असेल तर रक्तदाबाच्या गोळीने तरी काय करावं?

रिपोर्टात अशी ओळ आली तर

घाबरून त्याच दिवशी धावायची गरज नसते, पण पाकीट कपाटातही ठेवू नका. ते फॅमिली डॉक्टरकडे किंवा फिजिशियनकडे न्या. ते रक्तदाब बघतील, उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायला सांगतील, घरात कुणाला हृदयविकार होता का ते विचारतील आणि डॉपलर लागेल की नाही ते ठरवतील. पुढे बहुतेकांना गोळ्या, चालणं आणि तंबाखू-विडी सोडणं एवढंच लागतं. शस्त्रक्रियेचा विचार होतो तो मुख्यतः पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला आणि धमनी सत्तर टक्क्यांहून जास्त अरुंद झालेली असेल तेव्हा. अशा रुग्णांना तिचा मोठा फायदा होतो, हे १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिलं.

थांबायचं नाही ते मात्र एका परिस्थितीत. चेहरा एका बाजूला ओढला गेला, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडला, बोलणं अडखळलं, एका डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखा अंधार आला, तर १०८ ला फोन करा. पाच मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी करा. तो मोठ्या झटक्याआधीचा इशारा असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. पेडणे किंवा काणकोणहून बांबोळी गाठायला लागणारा वेळ त्यातूनच वजा होतो. म्हणून ‘जरा पडून बघतो’ म्हणू नका, आणि लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा.

काकांचा डॉपलर झाला. उजवीकडे फुगवटा होता, वाट निम्म्याहून कमीच अरुंद झाली होती. खरी बातमी रक्ताच्या रिपोर्टात होती. साखर भरपूर वाढलेली, रक्तदाबही. दोन्ही किती वर्षांपासून, ते सांगता येणार नाही, कारण खाण बंद पडल्यापासून त्यांनी कधी तपासणीच केली नव्हती. फिजिशियननी मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं, स्टॅटिन आणि ॲस्पिरिन सुरू केलं.

तीन महिन्यांनी साखर आटोक्यात आल्यावर काका पुन्हा माझ्या खुर्चीत बसले. दाढ तिथेच होती. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की दात काढायच्या आधी रक्त पातळ करणारी गोळी बंद करायची असते, म्हणून दोन दिवस त्यांनी ॲस्पिरिन घेतलीच नव्हती. त्यांना मी तसंच घरी पाठवलं. गोळी पुन्हा सुरू करा, फिजिशियनशी मी बोलते, मग या. एका दाढेसाठी ॲस्पिरिन सहसा थांबवावी लागत नाही. रक्त थोडं जास्त वेळ येतं, ते कापसाने दाबून आणि टाका घालून थांबवता येतं. धमनीत धरलेली गुठळी तशी थांबवता येत नाही.

पुढच्या आठवड्यात ते आले, सकाळची गोळी घेतल्याचं स्वतःहून सांगितलं. भूल दिली, हिरडी उघडली, दाढेचे दोन तुकडे करून काढले, दोन टाके घातले. बोळा दाबून अर्धा तास बसवून ठेवलं, नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त. काकी बाहेर बाकावर ओपीजीचं पाकीट मांडीवर धरून बसल्या होत्या.